ऑर्लंडोहून उत्तर ध्रुवाकडे, आगगाडीने

शनिवार, २० डिसेंबर २०१४

अटलांटाहून ऑर्लंडोला मोटारीने जायचे, तर सुमारे सातशे किलोमीटरचे अंतर कापावे लागते. पंचाहत्तर क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग जॉर्जियाचा दक्षिण भाग ओलांडून फ्लोरिडात शिरतो, वाइल्डवुड गावापाशी त्यातून टर्नपाइक हा पथकराचा रस्ता फुटतो आणि तो थेट ऑर्लंडोला नेऊन सोडतो. मुलगी, जावई, सात वर्षांचा नातू, पत्नी आणि मी असे आम्ही निघालो होतो. सहलीचा बेत नातवाच्या हट्टातून ठरला होता. ऑर्लंडोच्या ‘सी वर्ल्ड’ उद्यानातून नाताळच्या दिवसांत एक आगगाडी उत्तर ध्रुवाला जाते, असे त्याला शाळेतल्या मित्राने सांगितले होते. ती गाडी जागची हलत नाही, हे जावयांनी मला हळूच सांगितले आणि माझाही उत्साह वाढला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात हायड्रॉलिक यंत्रांच्या देखभालीत नोकरीची सारी वर्षे घालवलेल्या माणसाला, प्रवाशांना जागेवर बसवून ध्रुवापर्यंत नेणारे यंत्र पाहावेसे वाटणारच.

क्लेरमाँटच्या आसपास रस्त्याला हलके चढउतार लागतात. सपाट फ्लोरिडात या टेकड्यांचे अप्रूप आहे. एके काळी या टेकड्या संत्र्यांच्या बागांनी भरलेल्या होत्या आणि ते दृश्य उंचावरून पाहता यावे म्हणून १९५६ साली येथे २२६ फूट उंचीचा ‘सिट्रस टॉवर’ बांधण्यात आला. मनोरा अजून उभा आहे. बागा मात्र जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. डिसेंबर १९८३, जानेवारी १९८५ आणि डिसेंबर १९८९ या तीन कडाक्याच्या गोठणलाटांनी मध्य फ्लोरिडातील संत्र्याची झाडे मारून टाकली आणि वारंवारच्या नुकसानीला कंटाळलेल्या बागायतदारांनी जमिनी घरबांधणीसाठी विकल्या. दोन गोठणलाटा ऐन नाताळच्या दिवसांत आल्या होत्या. खऱ्या थंडीचा असा धसका घेतलेल्या मुलखात लोक खोट्या थंडीसाठी तिकीट काढून रांगेत उभे राहतात, याची मला मोठी गंमत वाटली. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि अंगावर पातळ स्वेटरही पुरे होता.

रविवार, २१ डिसेंबर

उद्यान उघडण्यापूर्वीच आम्ही दारात होतो. ‘सी वर्ल्ड’चे पहिले उद्यान १९६४ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे सुरू झाले आणि ऑर्लंडोचे उद्यान डिसेंबर १९७३ मध्ये, म्हणजे डिस्नेने त्याच परिसरात बस्तान मांडल्यानंतर दोन वर्षांनी. सागरी प्राण्यांचे खेळ हा या उद्यानाचा मूळ व्यवसाय. पाळणे, रोलर कोस्टर वगैरे मागाहून आले. २०१३ मध्ये किलर व्हेल माशांच्या बंदिवासावर एक माहितीपट निघाला आणि त्यानंतर उद्यानावर टीकेची झोड उठली होती. आम्ही गेलो तेव्हा ती शमलेली नव्हती. मुलीला येथे यावे की नाही, असा प्रश्न पडला होता. ती शेवटी आली, ती मुलाच्या आग्रहापुढे मान तुकवून. आणि दिवसभर तिने व्हेलच्या खेळाकडे पाऊल टाकले नाही.

आमची गाडी सुटणार होती ती ‘वाइल्ड आर्क्टिक’ नावाच्या इमारतीतून. हे आकर्षण १९९५ साली उघडले. वर्षाचे बहुतेक महिने येथे प्रेक्षकांना एका काल्पनिक हेलिकॉप्टरमध्ये बसवून आर्क्टिकच्या बर्फावरून फिरवून आणत. नाताळ जवळ आला की तेच हेलिकॉप्टर आगगाडी होई आणि पाटीवर नाव येई ‘द पोलर एक्सप्रेस एक्स्पिरियन्स’. २००४ सालच्या एका अ‍ॅनिमेशनपटातील आगगाडी मुलांना नाताळच्या आदल्या रात्री घराच्या दारातून उचलून सांताक्लॉजच्या भेटीला नेते, त्या कथेचा हा खेळ. पुण्यात गणेशोत्सवाच्या मंडपाचा लोखंडी सांगाडा तोच असतो आणि त्यावर एका वर्षी कैलास उभा राहतो, तर दुसऱ्या वर्षी पाणबुडी, तसाच हा प्रकार होता. मला त्यात फसवणूक दिसली नाही, उलट काटकसर दिसली. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जागेवरच हलवून प्रवासाचा भास देणाऱ्या अशा खेळात, महाग असते ते यंत्र आणि त्याच्याभोवतीची इमारत. पडद्यावरचे चित्र आणि यंत्राने कोणत्या क्षणी किती झुकावे याचा आराखडा, एवढे बदलले की नवा प्रवास तयार होतो. (हे वर्णन त्या जुन्या यंत्राचे आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. २०२५ मध्ये त्या जागी अधांतरी आसनांचे नवे आकर्षण सुरू झाले आहे.)

रांग तासाभराहून मोठी होती. आजूबाजूला अर्ध्या चड्डीतली माणसे, त्यांच्या डोक्यावर सांताच्या लाल टोप्या आणि हातात वाफाळते चॉकलेट, आणि वर लख्ख ऊन. नाताळगीते सतत वाजत होती. तीच तीच ध्वनिफीत पुन्हा पुन्हा ऐकून मला थोडा कंटाळा आला, हे मान्य केले पाहिजे. नातवाला मात्र कंटाळा ठाऊक नव्हता. आत गेल्यावर दोन वाटा फुटतात. ज्यांना हलणाऱ्या कक्षात बसायचे आहे त्यांची एक रांग आणि ज्यांना केवळ चित्र पाहून पुढे जायचे आहे त्यांची दुसरी. मान, पाठ, रक्तदाब आणि गर्भारपण यांविषयीच्या सूचना वाचून पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही तिघे जा. मी आणि ही न हलणाऱ्या गाडीने येतो.” अशा रीतीने एकाच कुटुंबाचे दोन भाग दोन वाटांनी ध्रुवाकडे निघाले.

कक्ष आतून लहान चित्रपटगृहासारखा आहे. ओळीने आसने, प्रत्येकाला पट्टा, समोर पडदा. दार बंद झाले, दिवे मंदावले आणि सारा कक्ष किंचित वर उचलला गेला. आसनाखालून येणारी बारीक थरथर मी ओळखली. त्या काळातील मोठे सिम्युलेटर सहसा तेलाच्या दाबावर चालत आणि तो दाब अंगाला असाच कळतो. मग शिटी झाली. गाडी सुटताना पाठ आसनाला टेकली, आणि ती इतक्या सहजतेने टेकली की मी नकळत खुर्चीचा हात घट्ट धरला. पुढे बर्फाच्छादित डोंगर, मग एकदम उतार. गाडी कोसळते तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो येथेही पडला. मात्र खऱ्या पाळण्यात जसा पडतो त्याच्या एखाद्या चतुर्थांशाइतकाच. गोठलेल्या सरोवरावर रूळ हरवतात, बर्फ तडकतो, डबे डावी-उजवीकडे घसरतात. या घसरण्याच्या प्रसंगात यंत्राने सर्वांत चांगले काम केले. उतारापेक्षा हे आडवे हेलकावे जास्त खरे वाटले, कारण त्यांना फार मोठी हालचाल लागत नाही आणि जेवढी लागते तेवढी यंत्र पुरी करू शकते.

मध्येच मी मुद्दाम डोळे मिटले. क्षणभरात गाडी नाहीशी झाली. उरली ती एक खोली, जी कधी मागे कलत होती, कधी पुढे, कधी कुशीवर, आणि मधूनमधून धक्का देत होती. वेग असा कोठेच नव्हता. डोळे उघडले आणि पुन्हा गाडी धावू लागली. शेजारी नातू “आजोबा, बघा ना, बघा!” म्हणून ओरडत होता, त्याला वाटले, मी घाबरून डोळे मिटले. जावई उतरताना थोडे पांढरे पडले होते. त्यांनी सबंध प्रवासात पडद्याकडे न पाहता मुलाकडे पाहिले होते आणि सिम्युलेटरमध्ये मळमळ ओढवून घेण्याचा तो हमखास मार्ग आहे. शरीर डोलत असते आणि डोळ्यांना स्थिर चेहरा दिसत असतो. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की पोट बंड करते.

दार उघडले ते थंडगार हवेत. बाहेरच्या दालनाला ध्रुवावरच्या संशोधन तळाचे रूप दिलेले आहे आणि तो तळ बर्फात अडकून मोडलेल्या जुन्या ब्रिटिश जहाजांच्या अवशेषांत वसवला आहे, अशी कल्पना आहे. हा देखावा पाहताना मला त्याच वर्षीची बातमी आठवली. सर जॉन फ्रँकलिन यांची ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे १८४५ साली आर्क्टिकमधून पश्चिमेचा जलमार्ग शोधण्यासाठी निघाली आणि माणसांसह नाहीशी झाली. त्यांपैकी ‘एरेबस’ कॅनडाच्या शोधपथकाला सप्टेंबर २०१४ मध्ये समुद्रतळाशी सापडले होते. नाताळसाठी त्या मोडक्या जहाजांवर आता रंगीत दिव्यांच्या माळा होत्या. उपासमारीने आणि थंडीने मेलेल्या खलाशांची आठवण जागी करणाऱ्या लाकडांवर दिवे पाहून मला जरा विचित्र वाटले, पण माझ्याखेरीज कोणी त्या फळ्यांकडे पाहत नव्हते.

सगळ्यांचे लक्ष होते काचेपलीकडे. येथपर्यंतचा सारा प्रवास खोटा. येथून पुढे जे दिसते ते खरे. बेलुगा व्हेल पाण्यातून येत होते, अगदी शुभ्र. ही जात जन्मतः राखाडी असते आणि वाढत्या वयाबरोबर पांढरी होते. पाठीवर पर नसतो, त्यामुळे बर्फाच्या थराखालून पोहताना अडचण येत नाही. मानेचे मणके इतर बहुतेक व्हेलप्रमाणे जुळलेले नसल्याने बेलुगाला मान वळवता येते. एकाने खरोखरच मान वळवून काचेपलीकडील मुलांकडे पाहिले आणि मुलांनी एकच गलका केला. त्यांच्या निरनिराळ्या आवाजांमुळे जुने खलाशी त्यांना समुद्रातले कॅनरी पक्षी म्हणत. पुढच्या टाकीत वॉलरस होते. नराचे वजन हजार किलोच्या पुढे जाते आणि सुळे नर-मादी दोघांनाही असतात. मिशांचे शेकडो जाड केस समुद्रतळाच्या चिखलात शिंपले चाचपण्यासाठी असतात. एक वॉलरस पाठीवर पडून काचेला घासत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात होता आणि पुन्हा परतत होता. मी घड्याळ पाहिले नाही, पण आम्ही तेथे असेपर्यंत त्याचा हा क्रम बदलला नाही. मुलगी काही बोलली नाही. नातवाला मात्र तिने तेथे जास्त वेळ थांबू दिले नाही.

अखेरीस सांताक्लॉज. सांताचे घर उत्तर ध्रुवावर असल्याची कल्पना फारशी जुनी नाही. अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट यांनी १८६६ सालच्या एका चित्रात सांताच्या गावाचा पत्ता उत्तर ध्रुव असा घातला आणि तो पुढे पक्का झाला. तेव्हा ध्रुवावर कोणी पोचलेले नव्हते, त्यामुळे पत्ता खोटा म्हणण्याची कोणाची सोय नव्हती. नातवाने सांताला विचारले, “तुम्हाला येथे गरम होत नाही का?” सांता दाढीआडून हसले आणि म्हणाले की, म्हणूनच मी आतच बसतो. उत्तर प्रामाणिक होते. येथे पेंग्विन कोठे आहेत, असाही प्रश्न त्याने केला. पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, ध्रुवीय अस्वल आणि वॉलरस उत्तरेचे, हे त्याला समजावून सांगितले. पेंग्विनांसाठी उद्यानाने २०१३ मध्ये दुसऱ्या टोकाला वेगळे दालन उघडले आहे आणि ते खरोखर गोठणबिंदूच्या आसपास थंड ठेवलेले असते. दुपारी आम्ही ते पाहिले. उत्तर ध्रुव ते दक्षिण ध्रुव हे अंतर चालत थोड्या वेळात कापले गेले.

पत्नीच्या आग्रहाखातर दुपारनंतर मी तिच्यासोबत न हलणाऱ्या कक्षातूनही एकदा ‘प्रवास’ केला. चित्र तेच, आवाज तोच, डबे तसेच घसरत होते. पण मी खुर्चीत बसलेला एक प्रेक्षक होतो, प्रवासी नव्हतो. उतार आला तेव्हा डोळ्यांनी तो पाहिला आणि शरीराने नाकारला. सकाळी डोळे मिटल्यावर जे अर्धे उरले होते त्याचे दुसरे अर्धे मला आता मिळाले होते. दोन्ही अर्धी वेगवेगळी घेतली तर त्यांत गाडी कोठेच सापडत नाही.

उरलेल्या दिवसाविषयी थोडक्यात लिहितो. बर्फावरच्या नर्तनाचा कार्यक्रम चांगला होता. येशूजन्माचा प्रसंग गोठ्यातील प्राण्यांच्या दृष्टीतून सांगणारे एक नाट्य होते, त्यात माणसाएवढ्या बाहुल्या आणि खरी जनावरे होती; वसईत घरोघरी मांडलेले गोठे पाहिलेल्या पत्नीला ते सर्वांत जास्त आवडले. अंधार पडल्यावर तळ्याच्या पाण्यावर उभारलेली शेकडो दिव्यांची झाडे संगीताच्या तालावर रंग बदलू लागली. पाय दुखत असल्याने आम्ही ते दृश्य एका बाकावर बसून पाहिले.

सोमवार, २२ डिसेंबर

आजचा दिवस विश्रांतीचा ठरला होता. सकाळी नातू पोहण्याच्या तलावातून परतला आणि त्याने थेट प्रश्न टाकला, “आजोबा, गाडी हलत नव्हती, तर मला मागे कोणी ढकलले?” मी त्याला हॉटेलच्या खोलीतील हाताच्या खुर्चीत बसवले, डोळे मिटायला लावले आणि खुर्ची हळूहळू मागे कलती केली. पुढे काय झाले ते त्याने आपणहोऊन सांगितले: “निघाली!”

या खेळाचे सारे रहस्य येवढेच आहे. आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणारे अवयव असतात. त्यांपैकी काही भाग शरीर कोणत्या दिशेला ओढले जाते आहे ते टिपतात. पण ती ओढ गुरुत्वाकर्षणाची आहे की वाहनाने वेग घेतल्याची, हे त्यांना ओळखता येत नाही. माणूस मागे कलला तर पाठीवर वजन येते आणि गाडी सुटली तरी पाठीवरच वजन येते. कान दोन्ही वेळी एकच निरोप मेंदूला देतात. आपण फिरवले जात आहोत हे ओळखणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकाही कानात असतात, पण एका ठरावीक मर्यादेपेक्षा हळू फिरवल्यास त्यांना पत्ता लागत नाही. सिम्युलेटर बनवणारे याच फटीतून आत शिरतात. डोळ्यांसमोर वेग घेणारे चित्र ठेवायचे आणि त्याच वेळी खोली इतक्या सावकाश कलवायची की नलिकांना कळू नये. गुरुत्वाकर्षण फुकट मिळते. त्यालाच गाडीचा वेग म्हणून विकायचे. पुढचा धक्का येण्यापूर्वी खोली तितक्याच गुपचूप मूळ जागी आणून ठेवावी लागते, नाही तर पुढच्या वेळी कलायला जागा उरणार नाही. माझ्या मते चांगला आणि वाईट सिम्युलेटर यांतला फरक धक्क्यांच्या जोरात नसून या गुपचूप परतण्यात असतो. कालच्या गाडीने ते काम बऱ्यापैकी केले. फक्त सरोवराच्या प्रसंगानंतर एकदा ती घाईने सावरली आणि ते मला जाणवले.

यंत्राची मूळ रचना मोटारीच्या टायरांतून आली आहे, हे जावयांना ठाऊक नव्हते. डनलॉप कंपनीतील अभियंते एरिक गॉफ यांनी १९५०च्या दशकात टायरांची चाचणी घेण्यासाठी सहा लांबणाऱ्या-आखडणाऱ्या पायांवर उभा असलेला मंच बनवला. १९६५ साली डी. स्ट्यूअर्ट यांनी विमानचालकांच्या सिम्युलेटरसाठी सहा प्रकारे हलणाऱ्या मंचाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि नाव त्यांचे रूढ झाले. मंच पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकू शकतो, शिवाय तिन्ही अक्षांभोवती झुकू व वळू शकतो. पाय सहा, हालचाली सहा.

विमानविद्येकडून करमणुकीकडे आलेली ही वाट मुळात करमणुकीतूनच सुरू झाली होती. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. एडविन यांनी १९२९ साली ऑर्गनचे भाते आणि झडपा वापरून विमान चालवण्याचा सराव देणारे एक छोटे खोटे विमान तयार केले. वैमानिक घडवणाऱ्या शाळांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही, आणि सुरुवातीची विक्री झाली ती करमणुकीच्या उद्यानांना. पुढे १९३४ मध्ये टपालाची विमाने खराब हवेत कोसळून वैमानिक मेले, तेव्हा अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने त्यांची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर लाखो वैमानिकांनी त्यांवर सराव केला. म्हणजे उत्तर ध्रुवाच्या आगगाडीला आपल्या घरी परतल्यासारखे वाटले असेल, असे मी म्हटले. मुलगी म्हणाली, “बाबा, आता जेवायला चला.”

मंगळवार, २३ डिसेंबर

पूर्वेकडे अंतराळ केंद्राकडे जाताना पन्नास क्रमांकाच्या राज्यमार्गावर क्रिसमस नावाचे गाव लागते. फ्लोरिडातील सेमिनोल या मूळ रहिवाशांशी झालेल्या दुसऱ्या युद्धात अमेरिकी सैन्याने २५ डिसेंबर १८३७ रोजी येथे एक लाकडी किल्ला बांधायला घेतला आणि त्या दिवसावरून किल्ल्याचे व पुढे गावाचे नाव पडले. नावात सण असला, तरी प्रसंग सेमिनोल लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावण्याचा होता. मूळ किल्ला उरलेला नाही. जवळच १९७७ साली त्याची प्रतिकृती उभारण्यात आली. या गावाची आज ओळख आहे ती टपाल कार्यालयासाठी. दूरदूरचे लोक नाताळची शुभेच्छापत्रे येथून टाकतात, म्हणजे त्यावर गावाच्या नावाचा शिक्का उमटतो. ही प्रथा वाढवली ती १९३२ ते १९७४ अशी चाळीसहून अधिक वर्षे येथे टपालप्रमुख असलेल्या जुआनिटा टकर यांनी. कार्यालयासमोर मोटारींची रांग होती. आम्ही नाशिकच्या मेहुण्यांना आणि ठाण्याच्या व्याह्यांना पत्रे टाकली. येथे मात्र काहीच कलते नव्हते: साधी इमारत, साधा शिक्का, आणि लोकांना पुरेसा वाटणारा नाताळ.

केनेडी अंतराळ केंद्राच्या अभ्यागत संकुलात पोचलो तेव्हा तेथे ‘ओरायन’ची चर्चा होती, ५ डिसेंबरला त्या यानाचे पहिले चाचणी-उड्डाण जवळच्या केप कॅनाव्हरलहून झाले होते. माझे लक्ष होते ते २००७ साली सुरू झालेल्या ‘शटल लाँच एक्स्पिरियन्स’कडे. हाही सिम्युलेटर, पण कालपरवाच्या गाडीचा धाकटा भाऊ म्हणता येणार नाही. मोठा आणि शिस्तीचा भाऊ म्हणावे लागेल. आधी अंतराळवीर चार्ल्स बोल्डन पडद्यावरून उड्डाणाची माहिती देतात. मग कक्षात बसवून पट्टे बांधले जातात आणि पूर्ण कक्ष मागे झुकवून प्रवाशांना जवळजवळ पाठीवर निजवले जाते. शटलचे प्रवासी उड्डाणापूर्वी असेच आकाशाकडे तोंड करून बसत. मग गडगडाट, दातांवर दात आपटवणारी थरथर आणि छातीवर वाढत जाणारा भार. शेवटी यंत्रे बंद होतात, कक्ष पुढे कलून सपाट होतो, आणि अंगावरचे वजन अचानक गेल्यामुळे तरंगल्याचा भास होतो. वरची दारे उघडतात आणि पृथ्वी दिसते.

युक्ती रविवारचीच होती: गुरुत्वाकर्षणाला वेग म्हणून विकणे. पण आगगाडीला थोडेसे कलून भागवावे लागत होते, येथे मात्र कक्ष जवळजवळ काटकोनात मागे वळला, कारण खऱ्या शटलमध्येही प्रवासी तसेच असत. त्यामुळे फसवणूक कमी आणि परिणाम जास्त झाला. ह्यूस्टनमध्ये अंतराळवीर ज्या सिम्युलेटरमध्ये सराव करीत, तोही उड्डाणाच्या सरावासाठी असाच उभा झुकवला जाई, आणि तो बनवणारा विभाग लिंक यांच्याच कंपनीतून आलेला होता. नातवाला हे उड्डाण आवडले नाही. त्याची तक्रार सरळ होती: येथे गोष्ट नाही आणि शेवटी कोणी भेटत नाही.

बाहेर २०१३ पासून ‘अटलांटिस’ हे खरे शटल यान ठेवलेले आहे. उलटगणतीचे आकडे साधावेत म्हणून ते ४३.२१ अंशांत कलते टांगले आहे. म्हणजे येथेही मांडणाऱ्यांनी कलण्याचाच आधार घेतला. फक्त या वेळी यान खरे होते आणि प्रेक्षक स्थिर. त्याच्या पोटाखालच्या उष्णतारोधक फरशांवर परतीच्या प्रवासात भाजल्याच्या खुणा दिसतात. संकुलातच १९९१ साली समर्पित केलेली काळ्या ग्रॅनाइटची स्मारकभिंत आहे आणि तिच्यावर २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यानाबरोबर गेलेल्या कल्पना चावला यांचे नाव आहे. पत्नी तेथे बराच वेळ उभी राहिली. तेथून निघाल्यावर सिम्युलेटरविषयी बोलण्याची इच्छा मलाही उरली नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

पहाटेच परतीला लागलो. दुपारी एका विश्रांतीस्थानी डबे उघडले, पोळी-भाजी आणि लिंबाचे लोणचे काढले, आणि मग कोणता प्रवास सरस यावर वाद सुरू झाला. जावयांनी शटलला मत दिले. त्यात त्यांना मळमळले नव्हते, कारण समोर पाहण्यावाचून गत्यंतरच नव्हते. मुलीने टपाल कार्यालयाला दिले. पत्नी म्हणाली की तिने दोन्ही वेळा स्थिर गाडीतून प्रवास केला आणि दोन्ही वेळा ध्रुवावर तेच वॉलरस दिसले, तेव्हा हलायचे कशाला. मी आगगाडीच्या बाजूचा. शटलचे यंत्र अधिक चांगले, यात शंका नाही. पण त्याच्याकडे हाताशी भरपूर साधने होती, तर आगगाडीने जुन्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावर आणि थोड्याशा कलण्यावर सात वर्षांच्या मुलाला ध्रुवापर्यंत नेले. कारागिरी मोजायची तर हाताशी काय होते तेही पाहावे लागते.

नातवाला मी सांगितले की जानेवारीत ती गाडी पुन्हा हेलिकॉप्टर होईल, आसने तीच राहतील, फक्त चित्र बदलेल. त्याला यात काही वावगे वाटले नाही. तो थोडा वेळ विचार करीत बसला आणि मग त्याने वडिलांना विचारले, “मग आपली तीच तिकिटे हेलिकॉप्टरला चालतील का?” जावयांनी पाकिटातून तिकीट काढून मागची बारीक अक्षरे वाचायला सुरुवात केली.